हॉटेलात एकटीनं बसून खाल्लं तर

वाचकाचं पत्र

‘ताई, सप्रेम नमस्कार. मी ठाण्याला नौपाड्यात राहते. वय ६३. गेल्या वर्षी हे गेले. मुलगा, सून आणि सात वर्षांची नात यांच्याबरोबर असते. सगळे माझं नीट करतात, तक्रार काही नाही. ह्यांना बाहेरचं खाणं अजिबात चालत नसे, त्यामुळे ३८ वर्षांच्या संसारात हॉटेलाची पायरी मी क्वचितच चढले. उन्हाळ्यात एकदा पासबुक भरायला बँकेत गेले होते. ऊन फार लागलं म्हणून कोपऱ्यावरच्या जुन्या उपाहारगृहात जरा टेकले आणि थालीपीठ मागवलं. तेव्हापासून दर बुधवारी जाते. थालीपीठ नाहीतर उपमा, आणि एक कॉफी. तासभर बसते. घरी “बँकेत जाऊन येते” असं सांगत असे. मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पाहिलं आणि सुनेला विचारलं, “सासूबाई हॉटेलात एकट्याच खात होत्या, घरी काही झालंय का?” सून दोन दिवस गप्प होती, मग रडली. मुलगा म्हणतो, “आई, हवं ते सांग, अ‍ॅपवरून घरी मागवतो, पण अशी एकटी जाऊन बसू नकोस.” शिवाय मला थोडी साखर आहे. ताई, थालीपीठ मी त्या हॉटेलापेक्षा चांगलं करते. मग मला तिथे जाऊनच का खावंसं वाटतं? हे सोडून द्यावं का? – एक वाचक, ठाणे.’

उत्तर

ताई,

सोडू नका. येत्या बुधवारी जा आणि नेहमीच्या टेबलावर बसा. बदल एकच करा, घरात सांगून जा. तुमच्या पत्रात मला खटकलं ते एवढंच, की एका थालीपिठासाठी तुम्हाला पासबुकाचं निमित्त पुढे करावं लागलं.

आता तुमचा प्रश्न. स्वतःच्या हाताला चव असताना तिथे का जावंसं वाटतं? याचं उत्तर तुमच्या तव्यापाशीच आहे. थालीपीठ हा पदार्थ करणाऱ्या बाईच्या वाट्याला धड कधी येतच नाही. भाजणी भिजवायची, कांदा-कोथिंबीर घालून मळायची, ओल्या फडक्यावर थापायचं, मधे बोटानं भोकं पाडायची, तव्यावर टाकून भोकांत आणि कडेनं तेल सोडायचं, झाकण ठेवायचं, कड सुटली की उलटायचं. एकेका थालीपिठाला पाच-सहा मिनिटं जातात आणि उतरलं की लगेच ते कुणाच्या तरी ताटात जायला हवं. कड कुरकुरीत आणि आतून मऊ असं ते तेवढ्या वेळापुरतंच असतं. लोण्याचा गोळा ठेवला की तो आपला आपण पसरून भोकांत उतरला पाहिजे. घरात पहिलं नातीला जातं, दुसरं मुलाला, तिसरं ‘आणखी एक घाल’ म्हणणाऱ्याला. करणारीचं सर्वांत शेवटी. तेही ती गॅस बंद करून, ओटा पुसून, भांडी विसळायला टाकून मग घेते. तोवर ते वातड झालेलं असतं आणि वर ठेवलेलं लोणी जागचं हलत नाही.

उत्तम थालीपीठ करणाऱ्या बायका उत्तम थालीपीठ खात नाहीत. त्या उन्हाच्या दिवशी ते तव्यावरून थेट तुमच्यापुढे आलं, आणि तुम्हाला उठायचं नव्हतं. तुमच्या हातचं त्याहून सरस असेलही, पण तुम्ही ते गरम कधी खाल्लंत?

आणि तिथे कुणीतरी पाण्याचा पेला ठेवून विचारतं, ‘काय देऊ?’ घरात विचारणाऱ्या नेहमी तुम्ही होतात. आज काय करू, पोळी वाढू का, ताक हवंय का. उलट तुम्हाला कुणी विचारलं तरी उत्तर देण्याआधी कालची भाजी संपवायची आहे, नातीला तिखट चालणार नाही, कोथिंबीर सुकायला लागली आहे, असं सगळं मनात येतं आणि तोंडातून निघतं, ‘मला काहीही चालेल.’ हॉटेलात उपमा म्हटलं की उपमा येतो. एवढ्या साध्या गोष्टीनं मन हलकं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

माणसं गल्लीतल्या हॉटेलात काही वेगळं खायला जात नाहीत. दादरला ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियुष यांसाठी लोक ताटकळतात, आणि साबुदाणा तर त्यांच्या प्रत्येकाच्या घरी एकादशीला होतोच. तुमच्या ठाण्यात मामलेदारची मिसळ खायला येणाऱ्यांत घरी मटकी भिजत घालून आलेलेही असतील. उपमा, थालीपीठ, मिसळ, दहीभात, घावन हे सगळं घरचंच. ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं, आयतं, आणि ओळखीच्या चवीचं मिळतं, म्हणून माणूस तिथे जातो. मनाला बरं नसतं तेव्हा तर माणूस नव्या चवीच्या वाटेलाच जात नाही.

मुलाच्या अ‍ॅपचं. त्याचा हेतू चांगला आहे, पण डब्यात बंद केलेलं थालीपीठ स्वतःच्याच वाफेनं भिजतं. वीस मिनिटांनी दारात येतं तेव्हा कड गेलेली असते, लोणी प्लॅस्टिकच्या डबीत वेगळं असतं आणि उघडून ताटात वाढायला पुन्हा तुम्हीच उठता. शिवाय ते खायचं कुठे? त्याच जेवणाच्या टेबलावर, जिथे समोरची खुर्ची वर्षभर रिकामी आहे.

हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं ते इथेच आहे. इमारतीत, नातेवाइकांत, देवळात, सगळीकडे तुम्हाला बघून लोकांचा आवाज खाली येतो. ‘कशा आहात हो आता?’ असं विचारतात. त्यांची माया खरी असते, पण दर वेळी त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे दर वेळी ते सगळं आठवायचं. हॉटेलातल्या वेटरला एव्हाना तुमची ऑर्डर पाठ झाली असेल. कॉफी थालीपिठाबरोबर आणायची की नंतर, हेही त्याला ठाऊक असेल. तुमच्या घरात काय झालं ते त्याला माहीत नाही आणि तो विचारतही नाही. ओळख आहे आणि चौकशी नाही, अशा जागा माणसाच्या आयुष्यात फार थोड्या असतात. दुःखाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात तर त्या फार उपयोगी पडतात. आठवड्यातला तो एक तास तुम्ही कुणाची आई, आजी, सासू किंवा कुणाच्या मागे राहिलेली बाई नसता. तो तास राखा.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जो प्रश्न विचारला, ‘घरी काही झालंय का’, तो त्यांचा एकटीचा नाही, फार जुना आहे. आपल्याकडे रोजचं बाहेरचं जेवण सुरू झालं ते मुख्यतः घरापासून लांब असलेल्या पुरुषांसाठी. गिरण्यांत कामाला कोकणातून आणि घाटावरून पुरुष मुंबईत आले, बायकामुलं गावी राहिली. परळ-लालबागला एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं आणि जेवायला खानावळ धरायची. महिन्याचे पैसे ठरलेले, गावी गेलं तर तेवढ्या दिवसांचा खाडा. त्या खानावळी कित्येक ठिकाणी बायकाच चालवत, आपल्याच खोलीत, आपल्याच शेगडीवर. वाण्याकडे उधारी, सावकाराकडून जबर व्याजानं उचल, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत परक्या पुरुषांचा स्वयंपाक. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. तोवर त्यांच्या राबण्याला कुणी धंदासुद्धा म्हणत नव्हतं.

मुंबईतल्या कामगारांची किती पोटं बायकांनी भरली ते बघा. पण पंगतीत बाई नव्हती. पुढे हॉटेलं वाढली, तिथे तिच्यासाठी ‘फॅमिली रूम’ आली, बाजूला, फळीच्या किंवा पडद्याच्या आड, आणि तीही नवरा-मुलं बरोबर असतील तर. एकटी बाई बाहेरच्या टेबलावर बसून खाते म्हणजे घरात तिला कुणी वाढत नाही, किंवा भांडून आली आहे, हा अर्थ तेव्हापासून चिकटलेला आहे. पुरुष रोज संध्याकाळी त्याच हॉटेलात कटिंग पीत पेपर वाचतो, त्याच्या बायकोला कुणी विचारायला जात नाही की घरी काही झालंय का.

घटनेच्या १५व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणा नागरिकाला तिथल्या प्रवेशापासून रोखता येणार नाही असं तिथे लिहिलंय. वेगळ्या कपबशा आणि वेगळे बाक पाहिलेल्या लोकांनी ते लिहिलं, म्हणून एवढी साधी जागा देशाच्या घटनेत आली. यादीत जातीच्या शेजारी लिंगही आहे. शेजारणीशी वाद घालायला हे सांगत नाही. तिथे बसताना अंग चोरून बसू नका, यासाठी सांगते.

आता ह्यांचं. ‘ह्यांना बाहेरचं चालत नसे’ हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझा अंदाज आहे की मुलगा, सून, शेजारीण या सगळ्यांपेक्षा तुम्हाला ते जास्त टोचतंय. ते असते तर मी गेले नसते, मग आता जाते म्हणजे ते नाहीत याचा मला फायदा होतोय का, असं काहीतरी. ताई, नवऱ्यामागून मिळालेल्या एखाद्या लहान मोकळीकीनं बरं वाटतं आणि त्याच बरं वाटण्याची टोचणी लागते, हे मला कितीतरी बायकांनी लिहिलंय, बोलून दाखवलंय. त्यांच्या संसारात प्रेम कमी होतं असं मला कधी वाटलं नाही. तुमच्या यजमानांची ती सवय होती. ३८ वर्षं तुम्ही ती सांभाळलीत, मनापासून सांभाळलीत. त्यांची आठवण जपायला ती पुढे चालवलीच पाहिजे असं नाही. त्यांना आवडायचं ते घरात करा, त्यांच्या तिथीला करा, नातीला करून घाला. बुधवारी मात्र स्वतःला आवडतं ते खा. आणि तिथे बसल्यावर त्यांची आठवण आली, डोळे भरले, तरी उठून येऊ नका. कोपऱ्यातलं टेबल असलं तर बरं.

साखरेबद्दल थोडक्यात. तुमच्या डॉक्टरांना सरळ सांगा की आठवड्यातून एकदा मी हे खाते, आणि गोळीच्या वेळा त्याप्रमाणे विचारून घ्या. मी तुम्हाला स्वयंपाकघराच्या अंगानं एवढंच सांगू शकते की भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर डाळी असतात, त्या मानानं साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च आहे. तेव्हा खिचडी आणि वडा यांचा मोह कधीतरीच. पियुषमध्ये साखर भरपूर असते, तो तर टाळाच. कॉफी बिनसाखरेची सांगा, ‘कमी’ म्हणून सांगू नका, कमी साखर प्रत्येक हॉटेलात वेगळी असते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जे खाता ते जेवण म्हणून खा. आजवर तुम्ही घरी सांगत नव्हतात, म्हणजे साडेअकराला थालीपीठ आणि एक वाजता संशय येऊ नये म्हणून पुन्हा दोन पोळ्या, असं होत असणार. तुमच्या साखरेला थालिपीठापेक्षा हे दुसरं जेवण जास्त नडत असेल.

तुम्ही तासभर बसता असं लिहिलंय, त्याबद्दल एक सांगते, कारण या लहान हॉटेलांची मला काळजी वाटते. त्यांचं सगळं गणित टेबल किती वेळा रिकामं होऊन पुन्हा भरतं यावर असतं. थालिपीठाचा भाव आपल्याला परवडेल असा ठेवायचा आणि जागेचं भाडं, गॅस, माणसांचे पगार त्यातूनच काढायचे. म्हणून साडेबारा ते दोनच्या गर्दीत बसणार असाल तर खाऊन उठा. तासभर निवांत बसायचं असेल तर अकराच्या सुमाराला किंवा साडेतीननंतर जा, तेव्हा कुणी तुमच्याकडे बघणारही नाही. गर्दीत समोर कुणी येऊन ‘इथे कुणी आहे का?’ विचारलं तर बसू द्या. परक्या माणसासमोर बसून खायला पहिल्या दोन-तीन वेळा अवघड वाटतं, मग त्याचीही गंमत वाटू लागते. कुणी कॉलेजची मुलगी असेल, कुणी कोर्टाच्या कामाला आलेला गावाकडचा माणूस असेल. बोललंच पाहिजे असंही नाही. बिल तुमच्या पैशांतून द्या. पेन्शन येत असेल तर ती तुमचीच आहे. निघताना वेटरला चार पैसे ठेवा.

राहिले घरातले. सुनेचं रडणं मी हलकं धरणार नाही आणि तुम्हीही धरू नका. तो प्रश्न कुणाला विचारला गेला बघा. मुलाला नाही, सुनेला. सासूनं बाहेर खाल्लं की बोट सुनेकडे जातं, मुलाला कुणी जाब विचारत नाही. तिला दुखलंय ते तुमच्या थालिपीठामुळे नाही, आपण कमी पडलो असं चारचौघांत ठरवलं गेलं म्हणून. त्यात तुम्ही लपवलंत, त्यामुळे तिला वाटलं असणार की खरंच काही कारण आहे. तेव्हा तिच्याशी एकटीशी बोला, मुलगा समोर नसताना. लांबण लावू नका. ‘तुझ्या हातचं आवडत नाही म्हणून मी जात नाही. मला तासभर कुणी वाढलेलं बसून खायला आवडतं, आणि ह्यांच्यामागे तेवढा वेळ मला बरं वाटतं. सांगितलं नाही, कारण तुम्हाला काय वाटेल याची भीती वाटली.’ एवढं बोललात तरी पुष्कळ आहे. तिनं लगेच समजून घेतलं नाही, तर दोन आठवडे जाऊ द्या.

मग एका बुधवारी तिला सुट्टी असेल तेव्हा बरोबर न्या. नातीला आणू नका, नाहीतर ती मुलीचंच खाणं बघत बसेल. तिला बसवा आणि विचारा, तू काय घेणार. माझी खात्री आहे, ती म्हणेल ‘काहीही चालेल’. ऐकून घेऊ नका, कार्ड तिच्या हातात द्या. हे एकदाच, किंवा वर्षातून दोनदा. दर बुधवारी तिला नेऊ लागलात तर तिथेही तुम्ही सासू व्हाल.

शेजारणीला खुलासा देऊ नका. जिन्यात भेटल्या तर म्हणा, ‘हो, बुधवारी जाते मी. थालीपीठ छान मिळतं, यायचं का?’ कदाचित त्यांनाही यायचं असेल. आपल्याला काय माहीत!

मुलाला ‘एकटी’ या शब्दाची धास्ती आहे. त्यातली निम्मी लोक काय म्हणतील याची आणि निम्मी खरी, की आईला चक्कर आली तर, रस्त्यात पडली तर. खऱ्या धास्तीवर उपाय करा. त्याला हॉटेल दाखवा, गल्ल्यावरच्या मालकांशी ओळख करून द्या, त्याचा नंबर तिथे देऊन ठेवा, फोन चार्ज करून निघा आणि पर्समध्ये गोळ्यांची चिठ्ठी ठेवा. लोकांच्या म्हणण्यावर त्याला स्वतःलाच उत्तर शोधू द्या, तो मोठा आहे.

आणि तो विचारतोच आहे ना, काय हवं ते सांग? मग सांगा. महिन्यातून एका रविवारी भाजणी तुम्ही भिजवून द्यायची आणि थापायला, भाजायला त्यानं उभं राहायचं. पहिली दोन-तीन थालीपिठं तुटतील, ती त्याची त्यानं खावीत. नीट जमायला लागलं की पहिलं तुमच्या ताटात, दुसरं सुनेच्या, दोघी बसलेल्या असताना. पुढच्या पत्रात कळवा, कितव्या थालिपीठाला जमलं त्याला.